पाचव्या पायरीवरची रिकामी जागा

मी जमीन मोजणारा माणूस आहे. तीस वर्षं सरकारी नोकरीत हेच केलं — आधी साखळी, मग टेप, आता मशीन. ज्या विहिरीत 'बाई' आहे म्हणून लोक सांगतात, तिच्या काठावर बसून मी डबा खाल्लाय. ज्या चिंचेखालून दिवस मावळल्यावर कुणी जात नाही, तिच्या बुंध्याशीच मी हद्दीचा दगड रोवलाय. मला आजवर कुणी धरलं नाही की झपाटलं नाही... हां, दोन सख्ख्या भावांच्या बांधाच्या भांडणात मात्र दोनदा मार खाता खाता वाचलो. त्यामुळं मेलेल्यांपेक्षा जिवंत माणसांचा बंदोबस्त आधी करावा, असं माझं पहिल्यापासूनचं मत.

हे आधी सांगितलं, कारण खालचं वाचून 'हा माणूस जरा भोळसटच दिसतो' असं कुणी म्हणू नये. या सदरातले अनुभव मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि हसायचो. आता ती माझ्याकडं बघून हसते. तीच म्हणाली, लिहून काढा, म्हणजे रोज तेच तेच मला तरी ऐकायला लागणार नाही.

गाव उमरगा तालुक्यातलं, मुरुमपासून सात-आठ किलोमीटरवर. कर्नाटकची हद्द इतकी जवळ की आमच्याकडं भांडण मराठीत सुरू होतं आणि कानडीत मिटतं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर रविवारी माणसं भूत बघायला येतील आणि पुन्हा बसायला जागा पुरणार नाही. जागा पुरली नाही, म्हणूनच तर हे सगळं घडलं.

आमच्या गावात फुटबॉल आहे. आजूबाजूच्या बारा गावांत क्रिकेट, आमच्याकडंच तेवढा फुटबॉल. फार पूर्वी गुलबर्ग्याकडचे एक पी.टी. मास्तर शाळेवर आले आणि त्यांनी हे खूळ लावलं, असं म्हणतात. मास्तर बदलून गेले, खूळ राहिलं. मी स्वतः अकरा वर्षं लेफ्ट बॅक खेळलोय आणि आता क्लबचा सेक्रेटरी आहे. सेक्रेटरी म्हणजे शिव्या खायला ठेवलेला माणूस.

पण क्लब म्हणजे खरं तर सिद्रामप्पा. अख्खं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. बाजारात त्यांचं कापडाचं छोटं दुकान. अप्पांनी जन्मात चेंडूला पाय लावला नाही. पण रोज चार वाजता दुकानातून उठायचे आणि मैदानावर हजर. फक्की मारून रेषा आखणं, चेंडूत हवा भरणं, माठ भरून ठेवणं, सगळं तेच करायचे. आणि या सगळ्याहून त्यांचं आवडतं काम म्हणजे माणसं बसवणं.

तेव्हा गॅलरी वगैरे काही नव्हती. मैदानाच्या कडेला मातीचा लांब बांध, त्यावर बसायचं. अप्पा घरून रिकाम्या पोत्यांचा बिंडा खांद्यावर घेऊन यायचे आणि पाहुण्यांसाठी एकेक पोतं अंथरायचे. कुणी उभं दिसलं की त्यांना चैन पडत नसे. बसलेल्यांच्या मागं जायचे, खांद्यावर दोन बोटांनी हलकेच दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "स्वल्प सरीरी." म्हणजे कानडीत, जरा सरका हो. ज्यांना कानडीचं एक अक्षर येत नव्हतं, तेही सरकायचे. आठ जणांच्या जागेत ते अकरा बसवायचे आणि कुणाला राग यायचा नाही.

"बगायला आलेलं मानूस उभं ऱ्हायलं, तर आपल्या गावाची लाज हाय," असं त्यांचं म्हणणं.

एक गोष्ट मात्र आम्हाला कधी कळली नाही. बांधावर अप्पांच्या शेजारचं एक पोतं कायम रिकामं असायचं. कितीही गर्दी होवो. आम्ही पोरं खोडी म्हणून त्यावर बसायचो, की लगेच खांद्यावर दोन बोटं. आम्हाला वाटायचं, हवा भरायचा पंप ठेवायला ठेवत असतील. पंप पायाशी पडलेला असायचा, हे दिसत असूनही आम्ही तेच समजत राहिलो.

अप्पांच्या बायकोला सगळे अव्वा म्हणतात. मूलबाळ नाही. चार वाजता अप्पा मैदानावर गेले की दुकान अव्वा चालवायच्या, रात्री कुलूप लावेपर्यंत. गावातल्या निम्म्या बायकांच्या झंपरांची मापं त्यांना तोंडपाठ. पण मैदानावर त्या कधी दिसल्या नाहीत. मॅच जिंकून मिरवणूक दुकानावरून गेली, तरी मान वर करायच्या नाहीत. आम्ही समजायचो, त्यांना आवड नसेल.

गेल्या वर्षी कुठून कुठून खटपटी करून एकदाची गॅलरी मंजूर झाली. सात पायऱ्यांची, नव्वद फूट लांब, वर पत्रे. अप्पा रोज काठी टेकत काम बघायला यायचे आणि गवंड्याचं डोकं खायचे, की पायरी रुंद कर, म्हाताऱ्या माणसाची मांडी बसली पाहिजे. नाव त्यांचंच द्यायचं, हे आम्ही आपसात ठरवलं होतं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "माज्या नावावर कोन बसनार हाय? जागा रुंद ठिवा, म्हंजे झालं."

पत्रे चढायच्या आत उन्हाळ्यात अप्पांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो होतो. अव्वा दुकानात होत्या. अप्पांनी मला जवळ बसवलं आणि आवाज खाली केला.

"दिलीप, येक काम करशील का?"

"सांगा की अप्पा."

"लगीन होऊन सा म्हैनं झालं होतं. ही माजा डबा घिऊन मैदानावर आली. डोक्यावर पदर, नवी नवरी. गुलबर्ग्याची टीम आलेली, म्या पावन्यांना पोती हातरत होतो. हिला म्हनलं, थांब, तुला जागा करतो."

"मग?"

"मंग काय... इसरलो."

अप्पा छताकडं बघत होते.

"अर्धी मॅच उनात उभी ऱ्हायली रं ती. मंग डबा बांधावर ठिवला आन् घरला गेली. त्या दिसापासनं मैदानाचं नाव काडलं न्हाय. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडली बी न्हाय. पुढं म्या दर खेपेला शेजारी जागा ठिवायचो. आज यील, उद्या यील... पन बोलवायला तोंड नव्हतं."

तेव्हा मला त्या रिकाम्या पोत्याचा उलगडा झाला. आमच्या खोड्या आठवल्या आणि लाज वाटली.

"गॅलरी झाली की तिला येकदा बसीव," अप्पा म्हणाले. "कडंला न्हाय. मधी, पाचव्या पायरीवर. दोनी गोल दिसत्यात तितनं. म्या बसून बगितलंय."

"बसवतो अप्पा. शब्द दिला."

पुढच्याच आठवड्यात अप्पा गेले. त्यांच्यात दहन नसतं, माती देतात. गावाबाहेरच्या रुद्रभूमीत त्यांना बसलेल्या स्थितीत माती दिली. एवढी माणसं आली होती की पहिल्यांदाच अप्पांच्या कार्यक्रमाला लोकांना उभं राहावं लागलं.

हिवाळ्यात गॅलरी पुरी झाली. सिद्रामप्पा गॅलरी असं मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं. उद्घाटनाला रविवारची मॅच ठेवली आणि मी अव्वांना बोलवायला दुकानात गेलो. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक आहे. दुसऱ्यांदा म्हणाल्या, गुडघे दुखतात. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कापडाच्या घड्या घालत होत्या. घडी घालता घालताच विचारलं,

"बसायला मिळंल का?"

मी हसलो. "अव्वा, तुमच्या मालकाच्या नावाची गॅलरी, आन् तुमाला जागा मिळणार न्हाय?"

अव्वा हसल्या नाहीत. "उभं ऱ्हायची पाळी आली तर म्या तितनंच माघारी फिरनार. मंग परत बोलवायला यिऊ नगंस."

"न्हाय येणार पाळी."

"रिबीन-फिबीन कापनार न्हाय. मॅच बगायची. पन्नास वरसं काय बगत होते, ते तरी कळंल."

म्हणजे अप्पांना दिलेला शब्द आणि अव्वांना दिलेला शब्द, दोन्ही आता माझ्या डोक्यावर. आणि तरी मी काय केलं, ते सांगायला आजही जीभ अडखळते.

आमच्याकडं मान द्यायचा म्हणजे स्टेजवर खुर्ची द्यायची. दुसरी कुठली पद्धत आम्हाला ठाऊक नाही. मीही तेच केलं. अव्वांसाठी स्टेजवर, पाहुण्यांच्या रांगेत, मऊ सोफ्याची जागा ठेवली, हार आणि शाल ठेवली आणि मनाशी म्हणालो, अप्पा, पाचव्या पायरीपेक्षा भारी काम केलं बघा.

त्यात स्टेज. मंडपवाल्यानं विचारलं, कुठं बांधू? कमिटीतलं कुणीतरी म्हणालं, लोकांना पाहुणे दिसले पाहिजेत. झालं! स्टेज मैदानाच्या कडेला, बरोबर गॅलरीच्या समोर, तोंड गॅलरीकडं. मागं चौदा फुटी फ्लेक्स. म्हणजे गॅलरीतल्या माणसाला पाहुणे दिसणार आणि मॅच दिसणार नाही. आणि पाहुण्यांची पाठ मैदानाकडं! मी जन्मभर लोकांच्या हद्दी आखून दिल्या, पण ही चूक माझ्या लक्षात आली ती मॅचच्या दिवशी दुपारी दोन वाजता. तोवर गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती.

गर्दीचा अंदाज सांगतो. माणशी अठरा इंच धरले तर एका पायरीवर साठ, सात पायऱ्यांवर चारशे वीस. त्या दिवशी सहाशेच्या वर माणूस होता. मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर पोरं. मुरुमहून टेंपो भरून लोक आलेले. पत्र्याच्या खांबांना माणसं लोंबकळत होती.

तीनच्या सुमाराला रिक्षातून अव्वा उतरल्या. अंजिरी रंगाचं लुगडं, डोक्यावर पदर, पायांत नवी चप्पल. मी धावत गेलो आणि स्टेजकडं हात केला. अव्वांनी एकदा सोफ्याकडं पाहिलं, एकदा फ्लेक्सकडं.

"तितं बसून काय लोकांची तोंडं बगू? मॅच तर पाठीमागं हाय."

"अव्वा, तिथं मान असतो..."

"मला मान नगं. मला बसायचं हाय."

मी गॅलरीकडं वळून पाहिलं. माणसंच माणसं. अंगाचा घाम निथळायला लागला. आणि माझ्या तोंडून काय निघून गेलं असेल?

"थांबा अव्वा, जागा करतो."

बोललो आणि मग कळलं. अव्वांनी माझ्याकडं पाहिलं... रागानं नाही, काहीच नाही, नुसतं पाहिलं. आणि तेवढ्यात माईकवरून पुकारा झाला, "सेक्रेटरी साहेबांनी ताबडतोब स्टेजवर यावं, पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे." मी अव्वांना कडुनिंबाच्या सावलीत उभं केलं, "आलोच" म्हणालो आणि पळालो.

सात पाहुणे, सात शाली. नारळ फुटेना. एकाचा हार दुसऱ्याला गेला म्हणून तिसरा रुसला. मी पळतोय, वाकतोय, हसतोय. वीस-पंचवीस मिनिटं तरी गेली असतील. मग कुणीतरी भाषणात "कैलासवासी अप्पांच्या धर्मपत्नी" असं म्हणालं आणि मी मान वळवून पाहिलं. कडुनिंबाखाली कुणी नव्हतं. गेटवर उभी असलेली रिक्षाही नव्हती.

संपलं, असं मला वाटलं. पन्नास वर्षांपूर्वी अप्पांनी केलं तेच मी केलं, तेही सगळं ठाऊक असून. अप्पांना निदान कुणी आधी सांगून ठेवलेलं नव्हतं. मला खरंच रडू येत होतं, आणि माईकवाला म्हणत होता, सेक्रेटरी साहेब, हसा जरा, फोटो काढायचाय.

तेवढ्यात रेफ्रीनं शिट्टी दिली. मॅच सुरू झाली. पाहुण्यांनी मॅच बघायची म्हणून सोफे उलटे फिरवले, तर समोर त्यांचाच फ्लेक्स! गॅलरीत हशा पिकला. आवाज आला म्हणून मी वर पाहिलं.

पाचव्या पायरीवर, बरोबर मधोमध, अव्वा बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, मान जरा पुढं. ऐसपैस बसल्या होत्या. आजूबाजूला माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि अव्वांना मात्र कुणाचा कोपर लागत नव्हता.

मी कसाबसा वर चढलो आणि त्यांच्या पायाशी, चौथ्या पायरीवर, दोघांच्या मध्ये घुसलो.

"अव्वा, इथं कशा आलात?"

"जागा होती. बसले." एवढंच. मग म्हणाल्या, "गप बस आता. त्यो लाल कापडाचा पळायलाय बग."

तिथं बसल्यावर कळलं. फ्लेक्स मैदानाच्या बरोबर मध्यावर होता. डावीकडं बसलेल्याला उजवा गोल दिसत नव्हता, उजवीकडच्याला डावा. फक्त मधल्या चार-दोन जागांवरून मधलं वर्तुळ झाकलं जात होतं, पण दोन्ही गोल स्वच्छ दिसत होते. जमीन मोजणाऱ्या माणसाला ही गोष्ट आधी सुचायला हवी होती.

दहा-बारा मिनिटं झाली असतील. आमच्या पोरांनी उजव्या बाजूनं चाल केली. मी उत्साहानं ताठ झालो, मान उंच केली. तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्यावर कुणीतरी दोन बोटांनी टकटक केलं. दोनदा. हलकेच. मी विचारसुद्धा केला नाही, अर्धा फूट डावीकडं सरकलो. लहानपणापासूनची सवय ती! मी सरकलो आणि त्याच क्षणी गोल झाला, आणि माझ्या मागून अव्वा ओरडल्या, "गेला! गेला की रं!"

मग माझं डोकं जागेवर आलं. मी मागं वळून पाहिलं. मागं फक्त अव्वा. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले होते आणि डोळे गोलाकडं होते. "तुम्ही मला हात लावला का?" विचारलं तर म्हणाल्या, "तुला कशाला हात लावू? पन सरकलास ते बरं झालं, डोकं आडवं येत होतं."

आम्ही दोन-एकनं हरलो. अव्वा सगळी मॅच बसल्या. उठताना म्हणाल्या, "येवड्यासाटी पन्नास वरसं चार वाजता दुकानातनं उठत होते व्हय!" आणि पायरी उतरता उतरता, "बरं असतंय की पन."

आता माझा स्वभाव सांगितलाच आहे. मोजल्याशिवाय मला झोप येत नाही. सोमवारी सकाळी टेप घेऊन मी गॅलरीवर गेलो. पायरीची उंची सोळा इंच. गुडघे धरलेल्या सत्तरीपलीकडच्या बाईनं गर्दीतून अशा पाच पायऱ्या चढायच्या, म्हणजे कुणीतरी हात दिलाच असणार. मी चौकशी केली. एकही माणूस निघाला नाही. सगळे म्हणतात, अव्वा आल्या, आम्ही बाजूला झालो, त्या चढल्या.

आणि जागा? आमच्या भागात रिकामी जागा म्हणजे काय, हे ज्यानं एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकलाय त्याला विचारा. सहाशे माणसांत, तेही मधोमध, अव्वा येईपर्यंत वीस इंच जागा मोकळी राहील? कुणीतरी धरून ठेवली असणार, असं धरून मी शेजारच्यांना गाठलं.

डावीकडं आमच्या गावचा वसंता होता, ट्रॅक्टर चालवतो. तो म्हणाला, "तितं कुनीतरी बसलेलं होतं की."

"कोण?"

"त्ये न्हाय बगितलं. पन बसलेलं होतं. म्या मगापासनं अंग चोरून बसलो होतो. उगं कशाला चोरीन?"

उजवीकडं मुरुमची एक बाई होती, दोन लहान लेकरं घेऊन आलेली. तिच्या भावाकडून फोनवर गाठ पडली. तिनं एका लेकराला त्या जागेवर बसवायला म्हणून हात टेकला होता. "फरशी गरम लागली भाऊ," ती म्हणाली. "आजूबाजूची गारढोण, आन् तेवढीच गरम. म्हनलं, आत्ताच कुनी उठून गेलंय, येतंय परत. मग न्हाय बसवलं."

तिसरा फोटोवाला. लातूरचा पोरगा, पहिल्यांदाच आमच्याकडं आलेला. मधोमध मोकळी जागा बघून तो तिथं उभं राहून फोटो काढणार होता. "मागून एक काका काहीतरी बोलले, मी सरकलो," तो म्हणाला. काय बोलले? त्यानं आठवून आठवून सांगितलं, "सरीरी... स्वल्प सरीरी असं काहीतरी. शिवी होती का ओ सर?" मागं वळून पाहिलंस का, विचारलं. म्हणाला, पाहिलं, मागं पोरंच होती.

त्यानं काढलेले सगळे फोटो मी मागवून घेतले. भाषणं चालू असतानाचे चार फोटो गॅलरीचे आहेत. चारही फोटोंत पाचव्या पायरीवर ती जागा मोकळी दिसते. वसंता डावीकडं झुकलेला, ती बाई उजवीकडं. दोघांच्या मध्ये कुणी बसलेलं असेल तर माणसं जशी बसतात, तशी बसलीत. पाचव्या फोटोत तिथं अव्वा आहेत, आणि वसंता अन् ती बाई तेवढीच झुकलेली आहेत, इंचभरही कमी-जास्त नाही. मी स्क्रीनवर पट्टी लावून मोजलंय.

गर्दीत एकानं जागा सोडली की दुसऱ्याला वाटतं ती कुणाची तरी आहे, असं माझा मेहुणा म्हणतो. असेल. फरशीवर पत्र्याच्या फटीतून ऊन पडलं असेल. फोटोवाल्यानं ते शब्द चहाच्या टपरीवर ऐकले असतील. माझा खांदा सवयीनं आपोआप सरकला असेल. एकेक गोष्ट सुटी सुटी धरली तर प्रत्येकीला काहीतरी उत्तर निघतं. सगळ्या एकत्र ठेवल्या की माझी मोजणी जुळत नाही, आणि आजही जुळलेली नाही.

शेवटी मी अव्वांकडंच गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वसंता, मुरुमची बाई, फोटोवाला, माझा खांदा, सगळं सांगितलं. त्या कापड दुमडत ऐकत होत्या. पन्नास वर्षं अप्पांनी शेजारी जागा ठेवली होती, हेही सांगितलं. ते त्यांना ठाऊक नव्हतं. हातातली घडी चुकली, त्यांनी ती मोडून पुन्हा घातली.

"अव्वा, खरं सांगा. वर कुणी नेलं तुम्हाला?"

"कुनी न्हाय. म्या जायलाच निघाले होते. रिक्षावाला बी गेलेला, म्हनलं चालत जावं. जाता जाता सहज वर बगितलं, तर तेवडी जागा दिसली. चढले." मग म्हणाल्या, "त्या दिशी गुडघं न्हाय दुखले."

आणि घडी फळीवर ठेवत, "येत्या सोमवारी मला त्यांच्याकडं घिऊन चल. माती दिल्यापासनं गेले न्हाय म्या."

सोमवारी सकाळी मी त्यांना मोटरसायकलवर बसवून रुद्रभूमीत नेलं. अव्वा सावकाश खाली बसल्या. पदरात बांधून आणलेली बेलाची पानं मातीवर ठेवली. मग कानडीत बोलल्या. तेवढं कानडी मला येतं. "बसले हो मी. मधी बसले. दोनी गोल दिसले."

मला राहवलं नाही. म्हणालो, "अव्वा, जागा अप्पांनीच धरली असंल, तर त्यांना ठाऊकच असणार की. सांगायला कशाला पायजे?"

अव्वांनी माझ्याकडं अडाणी माणसाकडं बघावं तसं पाहिलं.

"संसार म्या केलाय त्यांच्यासंगं, तू न्हाय. सांगितल्याबिगर त्यांना कदी काय कळलंय?"

असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसताच त्यांना हुंदका फुटला. अप्पा गेले त्या दिवशीसुद्धा मी त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं. मी जरा लांब, मोटरसायकलपाशी जाऊन थांबलो. ऊन चढेपर्यंत त्या तिथंच बसून त्यांच्याशी बोलत होत्या.